दहापैकी दोन

ऑरेलिओ मोन्तेलोंगोचा डावा गुडघा पाच वर्षं दोनच दुखत होता, असं क्लबचं रेकॉर्ड सांगतं. दोन म्हणजे दहापैकी दोन. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे माणूस ओरडेल. रोज सकाळी प्रॅक्टिसच्या आधी फिजिओने प्रत्येक खेळाडूला विचारायचं, किती दुखतंय, आणि तो सांगेल तो आकडा टॅबमध्ये भरायचा. एवढं साधं काम. ते विष्णू कारखानीसकडे होतं, आणि त्यानेच पाच वर्षं दोन, दोन, दोन असं भरून ठेवलं. आता बोला!

विष्णू मूळचा मिरजेचा. दोन हॉस्पिटलं करून सोळा वर्षांपूर्वी तो इकडे आला आणि अबू धाबीच्या पार पश्चिमेला, रुवैसच्या अलीकडच्या एका गावातल्या फुटबॉल क्लबाला चिकटला. दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब. सामन्याला दोनशे माणसं आली तर पुष्कळ झाली. मिरजेत मात्र सगळे समजत की विष्णू दुबईत असतो. दुबई इथून साडेतीन तास लांब आहे हे समजावून सांगणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. फ्लॅट क्लबचा, व्हिसा क्लबचा, बायको स्मिता आणि मुलगी मिहिका यांचा व्हिसा त्याच्या व्हिसावर. क्लबने उद्या खलास म्हटलं की तिघांनी बॅगा भरायच्या. इथे सगळ्यांचंच तसं असतं, त्यामुळे त्याचं कुणी फार बोलत नाही.

पाच वर्षांपूर्वी ऑगस्टच्या भट्टीत ऑरेलिओ आला. मेक्सिकोचा डिफेंडर येतोय, तिकडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये खेळलाय, म्हणून क्लबात केवढी हवा! प्रत्यक्षात आला तो एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसासारखा शांत, उंच, जरा पोक काढलेला गडी. वय एकतीस. सगळ्यांशी हात मिळवून तो मुकाट्याने विष्णूच्या टेबलावर आडवा झाला. विष्णूने डाव्या गुडघ्यावर अंगठा ठेवला आणि त्याला कळून चुकलं. हा माल वापरून झालेला आहे.

"किती?" विष्णूने विचारलं.

"दोन," ऑरेलिओ म्हणाला आणि हसला.

टेबलावर उताणा पडला की माणूस बोलतो. ऑरेलिओही मोडक्या इंग्रजीत, त्यात गल्फची अरबी आणि विष्णूकडून उचललेलं हिंदी मिसळून बोलायचा. क्लबात सगळे विष्णूला विष्णूभाई म्हणत, म्हणून तोही म्हणायचा. टेप लावता लावता विष्णूला त्याचं सगळं आयुष्य तुकड्या-तुकड्याने ऐकायला मिळालं. गाव फ्रेस्नियो, बाप चांदीच्या खाणीत. पोरगा सोळाव्या वर्षी क्लबात गेला तो गोल मारायला. कोचने चार दिवस बघितलं आणि सांगितलं की तू उंच आहेस, सांगितलेलं ऐकतोस, मागे उभा राहा. तो जो मागे उभा राहिला तो वीस वर्षं.

वीस वर्षांत आठ क्लब झाले. एकदा राष्ट्रीय संघाच्या कॅम्पला बोलावणं आलं. अख्खा सामना बाकावर. पंच्याऐंशीव्या मिनिटाला कोचने वॉर्म-अप कर म्हटलं, हा अंगात बिब, म्हणजे राखीव खेळाडूंची बिनबाह्यांची बंडी, घालून रेषेच्या कडेने धावायला लागला, धावतच राहिला, आणि शिटी वाजली. पुन्हा कुणी बोलावलं नाही. ती बिब त्याच्या आईने धुऊन घडी करून कपाटात ठेवली आहे. नंतर एका मोठ्या सामन्यात हेडर घ्यायला गेला आणि बॉल आपल्याच जाळ्यात. फ्रेस्नियोच्या वाण्याकडे अंडी आणायला गेला तरी आजही लोक त्याला तेच विचारतात.

एवढं सगळं करून उरतं काय, असं विष्णूने एकदा विचारलं होतं. स्वतःच थकलेला असला की माणूस असे प्रश्न विचारतो. ऑरेलिओने जरा विचार केला. मग म्हणाला, "आपल्या कामाचं कौतुक नसतं, विष्णूभाई. बॉल गोलकीपरपर्यंत पोचला म्हणजे आपलं चुकलं. पोचायच्या आधी मध्ये जायचं. अंगाला लागला तर लागला." आणि पाय पुढे केला, टेप लावायला.

खरं म्हणजे विष्णूच्या स्वतःच्या अंगठ्यांची वाट लागली होती. सोळा वर्षं पोटऱ्या आणि मांड्या रगडून उजव्या अंगठ्याचा सांधा सुजायचा. पोळी तोडताना त्याचं तोंड वाकडं झालेलं स्मिताला दिसायचं. ती विचारायची, आणि तो म्हणायचा, काही नाही गं, दोन. घरात तो विनोद होऊन बसला होता.

आणि मग तो तिसऱ्या सीझनमधला नोव्हेंबर. त्या सकाळी ऑरेलिओ टेबलावर चढला तोच हाताने पाय उचलून. विष्णूने सवयीने विचारलं, किती. ऑरेलिओने आधी गुडघ्यावर तळहात ठेवला.

"सहा," तो म्हणाला.

विष्णूचं बोट टॅबवर थांबलं. सहा भरलं की नियमाप्रमाणे स्कॅन. स्कॅन म्हणजे रिपोर्ट, रिपोर्ट म्हणजे मॅनेजर मुझम्मिलची धावपळ. शुक्रवारी सामना, दुसरा डिफेंडर कार्ड खाऊन बाहेर बसलेला. त्यात ऑरेलिओचं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत मोडता येत होतं. विष्णूला त्याची दया आली हेही खरं, आणि सकाळी सात वाजता ती सगळी कटकट नको होती हेही तितकंच खरं. नंतर त्याने किती वेळा आठवून पाहिलं, पण दोन्हींतलं कुठलं जास्त होतं ते त्याला सांगता आलं नाही.

"दोन लिहू का?" त्याने विचारलं.

ऑरेलिओने छताकडे बघितलं. "यल्ला," म्हणाला. म्हणजे चल, उरक.

त्यानंतर विष्णूने विचारणंच बंद केलं. ऑरेलिओ यायच्या आधीच टॅबमध्ये दोन भरून मोकळा व्हायचा. सूज आली की बर्फ लावायचा, बाजारातून स्वतः चांगली टेप आणायचा. अठरा दिरहमचा रोल, म्हणजे चारशेच्या वर रुपये, असं स्मिता दर वेळी मोठ्याने म्हणायची. दर शुक्रवारी विष्णू कडेला उभा राहून फक्त तो एक गुडघा बघायचा. सामना कोण जिंकलं हे त्याला स्कोअरबोर्ड बघून कळायचं.

दोघांच्या पोरीही त्या काळात एक झाल्या. ऑरेलिओची हिमेना आणि मिहिका एकाच शाळेत, एकाच वर्गात. स्मिता मिरजेला गणित शिकवायची, इथे मिहिकाला घेऊन बसायची, तर हिमेनाही पाट टाकल्यासारखी हक्काने येऊन बसू लागली. पोहे हाताने खायला शिकली. बापाच्या बदलत्या क्लबांपायी त्या पोरीने सात शाळा केल्या होत्या. कुठल्याच शाळेत शेवटच्या दिवसापर्यंत राहिली नव्हती. स्मिता म्हणायची की पोरगी मुळात हुशार आहे, पण प्रत्येक वेळी धडा अर्धा सोडून गेलेली आहे.

या जानेवारीत क्लबात नवी डॉक्टर आली, डॉ. सुमैय्या. वय जेमतेम तेहतीस, आवाज हळू, पण नजर अशी की विष्णूला टॅब लपवावासा वाटायचा. एप्रिलमध्ये ऑरेलिओ एका सामन्यात नुसता वळला आणि खाली बसला. कुणी ढकललं नाही, कुणी मारलं नाही. या वेळी स्कॅन टळला नाही. गुडघ्यातली गादी जवळजवळ संपली होती, हाडाला हाड लागत होतं. डॉक्टरीणबाईंनी पाच वर्षांचं रेकॉर्ड उघडलं, तर त्यात बारा महिने तेरा त्रिकाळ दोन.

कॉन्ट्रॅक्ट मे महिन्यात संपणार होतं. पुढच्या वर्षाचं ठरवायला मीटिंग बोलावली गेली. तिच्या दोन दिवस आधी ऑरेलिओ टेबलावर येऊन बसला, आडवा झाला नाही.

"मला एक वर्ष पाहिजे," तो म्हणाला. "खेळायला नाही. बाकावर बसवा, पोरांना शिकवायला लावा, काहीही. हिमेनाची बारावी इथे होऊ दे. एक शाळा तरी तिने पुरी करावी. तू म्हण की गुडघा चालेल."

विष्णूने शब्द दिला. घरी येऊन तो स्मिताशी काही बोलला नाही. बोलला असता तर तिने विचारलं असतं, आणि तुमचं काय? रेकॉर्ड खोटं भरलं हे सिद्ध झालं तर फिजिओचं लायसन्स जातं. लायसन्स गेलं की व्हिसा, आणि मिहिकाही अकरावीतच होती.

मीटिंगला चौघंच होते. टेबलाच्या टोकाला मुझम्मिल, त्याच्या शेजारी डॉक्टर, समोर ऑरेलिओ आणि विष्णू. सुमैय्याने आवाज चढवला नाही. ती म्हणाली की हा गुडघा कमीत कमी तीन वर्षं भयंकर दुखत असणार, त्याशिवाय असा होत नाही. म्हणजे दोनपैकी एक गोष्ट झाली आहे. खेळाडू खोटं बोलला, किंवा फिजिओने खोटं लिहिलं. खेळाडू खोटं बोलला असेल तर कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा प्रश्नच नाही. फिजिओने लिहिलं असेल तर चूक क्लबची, मग क्लबने खेळाडूला वर्षभर ठेवून उपचार करायला हवेत, पण फिजिओबद्दल तिला वर कळवावं लागेल.

इतकी सरळ वाटणी विष्णूने आयुष्यात बघितली नव्हती. त्याने एक वाक्य बोलायचं, आणि ऑरेलिओला त्याचं वर्ष मिळत होतं. नुसतं बाकावर बसायचं नाही, उपचारासकट. वाक्यही मोठं नव्हतं. मी लिहिलं. विष्णूने तोंड उघडलं. त्याला मिहिकाचं अभ्यासाचं टेबल दिसलं, त्यावरचा लोंबता दिवा दिसला, आणि तो एक क्षण, फक्त एक क्षण, थांबला.

"मी खोटं बोललो," ऑरेलिओ म्हणाला. "हा रोज विचारायचा. रोज. मी दोन सांगायचो."

सुमैय्याने विष्णूकडे बघितलं. "असं आहे?"

विष्णूची मान खाली होती. ती हलली की नाही हे त्याला स्वतःलाही माहीत नाही. तिने मात्र कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मुझम्मिल उठून ऑरेलिओच्या खांद्यावर हात ठेवून, सॉरी हबीबी, असं काहीतरी म्हणाला आणि मीटिंग संपली.

पार्किंगमध्ये विष्णू त्याच्या मागे धावला. धावला म्हणजे काय, पन्नाशीतला माणूस मे महिन्याच्या उन्हात जेवढा धावेल तेवढा. ऑरेलिओ लंगडत होता म्हणून गाठता आला. विष्णूने त्याचं मनगट धरलं आणि सांगितलं की मी परत जातो, आत्ता जातो, सगळं सांगतो. ऑरेलिओने हात सोडवून घेतला, पण रागाने नाही.

"तुलाही मुलगी आहे," तो म्हणाला. "दोघींपैकी एकीची तरी बारावी इथे होऊ दे."

आणि गाडीत बसला. बसताना डावा पाय हाताने उचलून आत घेतला.

विष्णू परत आत गेला नाही. जायचं होतं. दुसऱ्या दिवशी जायचं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही जायचं होतं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा थकवा जास्त होता. सकाळी टॅब उघडला की ऑरेलिओच्या नावाची ओळ राखाडी झालेली दिसायची.

जूनच्या शेवटी शाळा संपली. सामान बोटीने गेलं, आणि विमानाच्या आदल्या दुपारी हिमेना स्मिताचा निरोप घ्यायला आली. स्मिताने तिला आवडतात म्हणून पोहे केले होते. मिहिका तिच्याशी धड बोलत नव्हती. शेवटी ताटलीकडे बघत म्हणाली, "यू नो व्हॉट? इट्स सो अनफेअर." मग बापाकडे वळून तिने विचारलं, "बाबा, तिचे डॅड खरंच पाच वर्षं तुझ्याशी खोटं बोलले? एव्हरी सिंगल डे?"

हिमेना ताटलीत बोटं फिरवत राहिली. तिचे कान लाल झाले होते. विष्णूने ते बघितलं, आणि त्याला ते सोसवेना. बापाचं काम गेलं, शाळा गेली, आणि वर ही पोर आयुष्यभर आपला बाप खोटारडा म्हणून जगणार! तो उठला, तिच्या समोरची खुर्ची ओढून बसला आणि स्मिता स्वयंपाकघराच्या दारात उभी असतानाच त्याने सगळं सांगून टाकलं. नोव्हेंबरची सकाळ, सहा हा आकडा, त्यानंतर न विचारता भरलेले दोन, मीटिंगमधलं आपलं गप्प बसणं. काही लपवलं नाही. तुझा बाप खोटं बोलला नाही, तो म्हणाला, खोटं मी लिहिलं. उद्या क्लबात जाऊन मी हे सांगणार आहे.

दारात स्मिताच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

हिमेनाने त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं. मोठ्या माणसाचं मन राखावं तसं ती त्याच्याकडे बघून हसली, अगदी बापासारखी.

"पापा म्हणालेच होते," ती इंग्रजीत म्हणाली. "जाताना विष्णूभाई तुला सांगतील की चूक त्यांची आहे. ते फार चांगले आहेत, आपल्यासाठी काहीही म्हणतील. त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस."

विष्णूने पुन्हा सांगायला तोंड उघडलं. पण तिने ताटली उचलली, स्मिताला वाकून नमस्कार केला, मिहिकाने शिकवला होता तसा, आणि दोघी गणिताची वही शोधायला आत गेल्या.