कुटक्यांचा चुरा

डोणगावच्या पंजाबरावांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. मेहकरच्या गाडीत कोण कुठं चढतं, कुणाची सोयरीक कुठं जुळली, हे त्यांना तोंडपाठ. घरात मीठ कोणत्या डब्यात असतं ते मात्र जयमालाबाई गेल्यावर कळलं. तीन वर्षांपूर्वी बायको गेली आणि हा माणूस स्वयंपाकघरात शिरला. आधी खिचडी करपवली, मग भाकरी थापायला शिकला. शेजारणी हसल्या, तर त्यांनाच गरम भाकरी खाऊ घातली.

जयमालाबाईंचा हातखंडा कटलेटांचा. लेक सुचिता होस्टेलवरून यायची त्या दिवशी शिळे टोस्ट पाट्यावर रगडून त्यांचा चुरा व्हायचा. त्यात घोळवलेली बटाट्याची कटलेटं तेलात पडली की वास पार गल्लीच्या तोंडाशी जायचा, आणि पोरगी चप्पल काढायच्या आधी एक तोंडात टाकायची. 

पुढं लग्न झाल्यावर सुचिताच्या पोटाला गहू सोसेनासा झाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं की गव्हाचा कणसुद्धा चालायचा नाही. टोस्ट गेले, पोळी गेली, आणि माहेरी येताना ती आपला डबा सोबत आणू लागली. बापाच्या घरी लेकीनं डबा घेऊन यावं, हे पंजाबरावांच्या जिव्हारी लागलं. बोलायचं तरी कुणापाशी? ज्यांच्यापाशी बोलायचं, त्याच राहिल्या नव्हत्या.

तशात त्यांना आईचे कुटके आठवले. उरलेल्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे करून आई घराच्या मातीच्या धाब्यावर वाळवायची आणि उन्हाळ्यात फोडणीच्या पाण्यात शिजवायची. घरी कुटके खातो हे शाळेत सांगायची त्यांना लाज वाटे. आता सारी भिस्त त्याच कुटक्यांवर. ज्वारी दळून आणली, भाकरी केल्या, कडकडीत वाळवून खलबत्त्यात कुटल्या. कटलेटं टोस्टच्या चुऱ्याहून खमंग झाली. सुचिता पाच खाऊन उठली, आणि तीन दिवस आडवी पडली.

चूक कुठं झाली ते तिनंच उलगडून सांगितलं. चक्कीवर त्यांच्या आधी कुणाचे तरी गहू दळले होते. आधीच्याचं मूठभर पीठ आपल्या डब्यात येतं, आपलं पुढच्याच्या डब्यात जातं. गावात याला कुणी चूक म्हणतच नाही. सुचिता रागावली नाही. पुढच्या खेपेला डबा तेवढा मोठा आणला.

पंजाबरावांच्या डोक्यात महिनाभर ती चक्कीच फिरत होती. मग एका सकाळी न्हाणीच्या दारात पाय ठेवायला टाकलेला दगड त्यांनी पहारीनं उचकटला. ती आईच्या जात्याची खालची तळी होती. वरची गोठ्यात सापडली. छिन्नीनं जात्याला टाकी लावणाऱ्या बाईला बोलावून दोन्ही तळ्या नव्यानं टाकवून घेतल्या, नवा खुंटा ठोकला, पहिलं दळण गाईला घातलं. जुन्याला गव्हाचा कण असेल म्हणून तवा, परात, कढई, खलबत्तासुद्धा नवा आणला. दोन शेर ज्वारीला दोन सकाळी लागल्या. दळताना आई म्हणायची त्या ओव्यांचे शब्द काही आठवेनात, चाल तेवढी आठवली. तीच गुणगुणत आपले पंजाबराव एकटेच रडून घेत होते.

सुचिता आली. ताट पुढं आलं, पण तिचा हात कटलेटाकडं जाईना.

"बाबा, पीठ कोठून दळून आनलं?"

त्यांनी मागच्या ओसरीकडं बोट केलं. ती जाऊन जातं पाहून आली. मग बापाचा हात उलटा करून तळव्यावरचे फोड पाहिले.

"काऊन केलं इतकं?"

"तुयी माय असती, तं तिनं केलं असतं."

ती खाली मान घालून जेवली. पुढचे दोन दिवस पंजाबरावांनी तिच्यावरची नजर हलवली नाही. ती जरा पोटाला हात लावून बसली की हे पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभे राहायचे. अखेर तिनंच त्यांना बाहेर फिरून यायला पिटाळलं.

तिसऱ्या दिवशी ती ठणठणीत होती. निघायच्या आधी तिनं पिशवीतला मोठा डबा काढला. तो तिनं उघडलाच नव्हता. आतलं गाईला घालून डबा घासला, पुसला आणि फळीवर आईच्या टोस्टच्या डब्याशेजारी ठेवला.

"चुरा याच्यात भरून ठेवा बाबा," ती म्हणाली. "माहेरी येताना मले आता डबा नाही लागत."