चटयांची उत्तरपूजा

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी देवीला एक नवस बोलले होते. आमच्या यांची बदली होऊ देऊ नको, मेहकरातच राहू दे, मी मंगळवारी चहा सोडीन. बदली झाली नाही. देवीने तिचं केलं, मी माझं करते आहे, आणि आमच्या घरात मंगळवारी दुपारपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. आज बुधवार आहे, समोर कप आहे, तेव्हा बसा. माझ्या हातून झालेला एक घोळ सांगते. हसायचं ते शेवटी हसा, मधेच हसलात तर माझं सांगायचं राहून जातं.

तर आमची सून पल्लवी. माहेर दुसरबीडचं. पोरगी साड्यांच्या दुकानात चांगली कामाला होती, ते सोडून तिने हातमाग घेतला आणि मागच्या पडवीत बसवला. कशासाठी? तर योगासनांच्या चटया विणायला. सुती, जाड, घट्ट विणीच्या. रंग पळसाच्या फुलांचा, नाहीतर डाळिंबाच्या सालींचा. प्लास्टिकचा एक धागा नाही. शहरात म्हणे आता लोक चटई घ्यायच्या आधी विचारतात, ही जुनी झाली की मातीत मिसळेल का? मी म्हटलं, माणूस मिसळतो तेवढं पुरे नाही का? पण पल्लवीने मोबाइल पुढे केला. खरंच हो, जो तो तसलीच चटई मागत होता.

पहिली चटई विणून झाली ती तिने माझ्या हातात दिली. म्हणाली, "आई, ही तुमची." माझे डोळे भरून आले. मी ती चटई अगदी नीट ठेवून दिली. कुठे, ते पुढे येईलच.

आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये सकाळी योगवर्ग असतो. गुडघ्यांसाठी मीही जाते. शिकवतात इंगळे सर, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. सगळ्यांच्या चटया प्लास्टिकच्या, आणि जुन्या झाल्या की त्यांचा चुरा पडायचा. एकदा कोणीतरी फाटकी चटई रस्त्यावर टाकली, ती गाईने खाल्ली, आणि तिच्या पोटातून ती काढता काढता ढोरांचा डॉक्टर घामाघूम झाला. सरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, माझ्या हॉलमध्ये आता प्लास्टिक नको. आणि पल्लवीला सगळ्या वर्गापुरत्या चटया विणायला सांगितल्या.

पण मास्तर माणूस, आधी परीक्षा घेणार. म्हणाले, "महिनाभर आमच्या बाया वापरतीन. टिकली, घसरली नाही, तर शाळेत अन् बाकीच्या वर्गात मी सोता सांगीन. न वापरलेल्या वस्तूची हमी मी देत नसतो."

म्हणजे सगळं त्या महिन्यावर आलं. शाळेचं काम मिळालं तर माग चालणार. नाही मिळालं तर चिखलीचा एक जण माग विकत मागून राहिला होता, आणि साड्यांच्या दुकानातली जागा अजून रिकामी होती. पल्लवी तोंडाने काही बोलत नव्हती, पण रोज संध्याकाळी तो माग ओल्या फडक्याने असा पुसायची, की जणू उद्या त्याची सासरी पाठवणी आहे.

मला राहवेल का? मी शुक्रवारी देवळात गेले, ओटी भरली आणि नवस बोलले. "माय, सुनेची एकही चटई झिजू देऊ नको. मी वर्षभर भात सोडते."

इथे थांबायचं की नाही? पण मी सुरू झाले की मला थांबता येत नाही. पल्लवी रंगाची फुलं आणायला गेली होती. पडवीत चटयांची चळत रचलेली. मला वाटलं, नवस बोललोच आहोत तर काम पक्कं करावं. चळतीखाली पाट दिला, रांगोळी काढली, प्रत्येक चटईच्या कोपऱ्याला हळद-कुंकवाचं बोट लावलं, अक्षता वाहिल्या, कापूर लावला, आरती म्हटली. प्रत्येकीच्या दशीला लाल दोऱ्याची एक एक गाठ मारली. मन कसं हलकं झालं.

आता ही गोष्ट मी पोटात ठेवायची ठरवली होती. पण शेजारच्या मंदाबाई विरजण मागायला आल्या. मंदाबाई म्हणजे आमच्या कॉलनीचा भोंगा. कापराचा वास आला, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. विरजण न्यायचंच विसरल्या हो त्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये नव्या चटया अंथरल्या. काय शोभा आली होती! सर म्हणाले, चला, ताडासन. आणि सगळ्या बाया आपापल्या चटईच्या शेजारी, थंडगार फरशीवर उभ्या राहिल्या.

सर म्हणाले, "मंदाबाई, चटई बाजूले राह्यली. वर या."

मंदाबाईंनी वाकून चटईला डोकं टेकवलं. मग म्हणाल्या, "सर, पाय कसा ठेवाव? पूजेची हाय. आरती झाली तिची."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

सरांनी बरंच समजावलं. शेवटी तडजोड अशी झाली की पाय ठेवायचा, पण लागलीच क्षमा मागायची. मग काय! सूर्यनमस्कारात पाय मागे नेला की वाकून चटईला हात, हात कपाळाला. दुसरा पाय नेला, पुन्हा हात, पुन्हा कपाळ. एक सूर्यनमस्कार संपेपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा. आठवड्यात तेही बंद झालं. बायांना ते पाप सोसेना. चटया गुंडाळून घरी गेल्या त्या थेट देवघरात, आणि वर्गात उरल्या फरश्या आणि घरून आणलेल्या जुन्या चादरी.

आणि मी? मी माझ्या जुन्या प्लास्टिकच्या चटईवर. सरांना माझ्या गुडघ्यांची दया यायची, म्हणून ते चालवून घ्यायचे.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी आज तुम्हाला हे सांगायला बसले नसते. मंदाबाईंच्या देवघरात जागा नव्हती, म्हणून त्यांनी चटई गोठ्यात खुंटीला टांगली. आणि त्यांची म्हैस, जी दोन वर्षं नुसती खाऊन राहिली होती, ती गाभण राहिली.

झालं. आमच्या दारात चपलाच चपला. कोणाची म्हैस, कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाच्या बोअरला पाणी लागेना. वरवट बकालहून, माझ्या माहेराहून, माझी चुलत वहिनी एस.टी.ने आली, चटई मागायला. पल्लवीला काही पत्ता नाही; नव्या चटयांना लाल गाठी मी तिच्या पाठीमागे मारायची. ती बिचारी खुश. रात्री जेवताना म्हणाली, "आई, लोकायले पर्यावरणाचं किती कळून राह्यलं पाहा." माझ्या घशात भाकरी अडकली. भात तर सोडलेलाच होता.

माझ्या वहिनीनेच शेवटी विचारलं. चटई हातात घेऊन, अगदी भक्तिभावाने, "पोरी, हिले दिवा रोज लावाव लागते, का फक्त शुक्रवारी?"

पल्लवीने वहिनीकडे पाहिलं, चटईकडे पाहिलं, दशीच्या लाल गाठीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"आई, हे तुमी केलं?"

"हाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती चिडली असती तर बरं झालं असतं. नवसाच्या नावावर एकही चटई विकणार नाही म्हणाली, आणि पडवीत मागाजवळ जाऊन बसली.

महिना संपला. इंगळे सर घरी आले. त्यांनी काही जणींकडून चटया मागवून आणल्या होत्या. उलगडल्या तर एकेक कशी कोरी करकरीत! कापराचा वास. कुठे दशी सुटलेली नाही, कुठे पायाचा ठसा नाही. देवीने माझा नवस शब्दाला शब्द ऐकला होता. एकही झिजली नव्हती.

सर म्हणाले, "पल्लवी, चटई चांगलीच असंल. पण मी शाळेत काय सांगू? पूजेले चांगली हाय म्हणून सांगू?"

"नाही सर," ती म्हणाली. "चिखलीवाला सोमवारी येणार हाय. माग देऊन टाकते."

सर उठले, चपलेत पाय घातला. आणि मला एकदम गणपती आठवले. म्हणजे असं बघा, गणपती बसवतो तेव्हा आपण मूर्तीला उगाच हात लावत नाही. मग उत्तरपूजा करतो, अक्षता टाकतो, हातावर दही देतो, मूर्ती जागची थोडी हलवतो. त्यानंतर तीच मूर्ती पोरं उचलून ट्रॅक्टरवर ठेवतात, कोणाला काही वाटत नाही. देव आणता येतो, तसा मानाने परत पाठवताही येतो. इतकी वर्षं देवाचं करते मी, एवढं साधं मला कसं सुचलं नाही?

"सर, उद्या सगळ्यायले चटया घेऊन बोलवा," मी म्हटलं. "अन् पल्लवी, चिखलीवाल्याले म्हण, थांब."

आधी देवळात गेले. देवीसमोर हात जोडले. म्हटलं, माय, मागचं बोलणं परत घेते. चटया झिजू दे. चांगल्या झिजू दे. भात मी सोडलेलाच ठेवते, त्याचं तू मनावर घेऊ नको.

सकाळी हॉलमध्ये मी पूजेचं ताट आणि दह्याची वाटी घेऊन उभी. सगळ्या चटया ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर अक्षता टाकल्या, कोपऱ्याला दह्याचं बोट लावलं, लाल गाठ सोडली आणि चटई धरून जागची थोडी सरकवली. गुडघे बोलून राहिले होते, पण मी एकही चटई सोडली नाही. शेवटची सरकवून झाली तेव्हा मी त्याच चटईवर दोन्ही पाय देऊन उभी राहिले. ती मंदाबाईंची होती.

"झाली उत्तरपूजा," मी म्हटलं. "आता ही फक्त चटई हाय. द्या पाय."

मंदाबाई जागच्या हलल्या नाहीत. "ते ठीक हाय ताई. पण माह्या म्हशीचं काय?"

"म्हशीले काही होत नाही. तिचं तिनं केलं हाय."

सर पाठ फिरवून भिंतीकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. मंदाबाईंनी एक पाय ठेवला, अंदाज घेतला, दुसरा ठेवला. आणि मग म्हणाल्या, "अगंबाई, मऊ हाय की."

त्या दिवसापासून बायांनी चटया अशा रगडल्या की काही विचारू नका. आधीची भरपाई. सरांनी आणखी एक महिना दिला. मग एक दिवस ते शाळेच्या मोठ्या मॅडमना घेऊन आमच्या घरी आले. वर्गातल्या दोन-चार चटया सोबत आणल्या होत्या, त्या मॅडमनी उलगडून पाहिल्या. वीण शाबूत, पाय घसरत नाही, घाम आला तर उलट जास्त घट्ट धरते. मॅडम खुश झाल्या. जाता जाता म्हणाल्या, एखादी सगळ्यात जुनी चटई आहे का, रंग कितपत उतरतो ते पाहू.

पल्लवीचा चेहरा उजळला. "आईजवळ हाय ना. सगळ्यात पहिली. आई, आणा बरं."

आता काय सांगू तुम्हाला. मी आत गेले. कपाट उघडलं. आणि तुम्ही म्हणाल, नुसतीच नेली असती काढून! पण मला गाठी सुटेनात, इतक्या पक्क्या मारलेल्या. शेवटी आहे तशीच घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली.

प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. त्यावर दुसरी पिशवी. वर सुतळी. आत डांबराच्या गोळ्या.

पल्लवी त्या पिशवीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मले वाटलं, निदान तुमी तरी वापरून राह्यल्या असान."

"खराब होईल म्हणून," मी म्हटलं.

मॅडमच आधी हसल्या. म्हणाल्या, रंग मुळीच उतरलेला नाही, हे तर दिसतंच आहे. काम पल्लवीला मिळालं. पाहुणे गेल्यावर तिने कात्रीने सुतळी कापली, चटई मागासमोर अंथरली आणि माझा हात धरून मला तिच्यावर उभं केलं. खरंच मऊ आहे हो. एवढे दिवस मी लोकांना पाय द्यायला सांगून राहिले होते!

तेव्हा आता माझा नवा नवस आहे. ही चटई मी पार झिजवीन, भोक पाडून दाखवीन, आणि मगच भात खाईन. तुम्हीही बोला की असा एखादा. तुमच्याही कपाटात कोणीतरी जीव लावून दिलेलं काहीतरी, खराब होईल म्हणून, बांधून ठेवलेलं असेलच. घरी गेल्यावर काढा आणि वापरायला घ्या. आणि त्यातून पिशवी निघाली तर फेकू नका, माझ्याकडे पाठवा. घडी करून ठेवीन, कधीतरी कामी येते.