साहेबाची टोपी
सफेद्याची डबी उघडली की त्या वासासरशी मला घाटकोपरच्या आमच्या चाळीतला गणपतीचा मांडव आठवतो. कॉलेजात असताना मी स्वातंत्र्यलढ्यावर नाटक लिहिलं होतं आणि त्यातला गोरा कलेक्टर होते बाबा. मी लिहिलेल्या कलेक्टरला पाहून लोकांचा थरकाप उडायला हवा होता. बाबांनी मात्र तोंडाला सफेदा फासून, पुठ्ठ्याची टोपी सावरत मालवणी हेलात "टुम काला आडमी" सुरू केलं आणि अख्खा मांडव हसून लोळला. विंगेत मी भडकलो, "बाबा, वाट लावलीत ना! लोक गुलामीवर हसतायत!" घाम पुसताना त्यांचा अर्धा चेहरा पुन्हा सावळा झाला होता. ते म्हणाले, "मेल्या, माझो बापूस गिरणीत गोऱ्या साहेबासमोर मान वर करूक घाबरायचो. आज सगळी चाळ साहेबाक हसता. हसांदे." आणि टोपी चढवून ते पुन्हा स्टेजवर गेले. पारतंत्र्यावर मी आजही तावातावाने लिहितो. बाबा गेल्यावर यंदा चाळीने तेच नाटक पुन्हा बसवायला घेतलंय आणि कलेक्टर मला दिलाय. त्यांची टोपी मी आत्ताच घालून पाहिली. ती पार कानांवर येते, आणि विंगेत माझ्याशी भांडायला कुणी नाही.