आठ दीडकी बारा

शेवटचं साधं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते तुरीच्या शेंगा सोलायचं. रोहण्याला, आमच्या गावच्या घरी, ओसरीवर, सकाळच्या उन्हात. रुखमा, माझी बायको, उलट्यांनी गळून गेली होती, पण हात रिकामे ठेवायची सवय नाही. सोलता सोलता म्हणाली, "आजबी सुई नाई का?" मी म्हटलं, "पोटात काई नाई तुया. पहिले जेव, मंग देतो." "मंग आजबी गोलच," म्हणाली, आणि भिंतीला धरत आत गेली... तिला जाऊन दीड महिना झाला. हे बोलणं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

रुखमाला साखरेची बिमारी बारा-तेरा वर्षांपासून. इन्सुलिनची सुई रोज सकाळी मीच द्यायचो. घरात फ्रिज आहे, पण लाईटचा मला भरवसा नाही, म्हणून औषधाची शिशी वाटीत ठेवून ती वाटी ओल्या मडक्यात. सुई एक दिवस पोटाच्या डाव्या अंगाला, एक दिवस उजव्या. लक्षात राहावं म्हणून ती मडक्यामागच्या भिंतीवर कोळशानं रेघ मारायची, डावीकडे झुकलेली की उजवीकडे झुकलेली. शाळेचं तोंड पाहिलं नाही तिनं, पण ती भिंत तिला वाचता यायची. सुई चुकली त्या दिवशी गोल. बारा वर्षांत गोल फार थोडे. एकदा उपाशीपोटी सुई दिली आणि ती चुलीपुढेच घामाघूम होऊन पडली होती. साखर तोंडात घातली तेव्हा डोळे उघडले. तेव्हापासून मी धसका घेतला. पोटात अन्न नाही तर सुई नाही.

मी संशयी माणूस, हे गाव सांगेल. दुकानदाराचं माप मी घरी येऊन पुन्हा मोजतो. रुखमा हसायची. "तुमाले देवावर तरी भरवसा हाय का? त्याच्यापुढचा नारयबी कानाशी हालवून घेता." मी म्हणायचो, "सडका निंगाला त देव खाईन का?"

शेंगा सोलल्या त्या दुपारी तिचा श्वास बदलला. खाटेवर पडलेली, पण धावत आल्यासारखा श्वास... खोल, भराभर, थांबेच ना. शेजाऱ्याच्या गाडीनं वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. नाचणगावहून माझी पोरगी मंदा आली. दवाखान्यातली डॉक्टर मंदापेक्षा लहान असेल. तिनं पहिलं हेच विचारलं, "बाबा, सुई रोज देत होते का?"

मी म्हटलं, "रोज."

"उलट्या सुरू झाल्यावरसुद्धा?"

"रोज म्हनलं ना!"

त्या डॉक्टर पोरीनं रुखमाच्या मनगटातून, नाडीतून रक्त काढलं. मी म्हटलं, साखर पाहायची तर बोट टोचा, नाडी काऊन फोडता? तिनं न चिडता सांगितलं. रक्तात आम्ल फार चढलं आहे. ते उतरवायला शरीर जोरजोरात श्वास घेऊन आतला वायू बाहेर फेकतं. तो श्वास पुरा पडतो आहे का, हे मोजायचं. रक्तातला एक आकडा आठ आला होता. त्याची दीडपट करायची, वर आठ मिळवायचे, झाले वीस. वायू विसाच्या आसपास हवा, एकवीस आहे. म्हणजे श्वास आपलं काम करतो आहे. मला वाटलं, हे आकडे आपल्याला गप्प करायला आहेत. सलाईन लागली, सुई लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास हळू झाला. मी मंदाला म्हटलं, "पाय, तुयी माय निवांत झोपली." तेवढ्यात डॉक्टर आली, पुन्हा रक्त काढलं, आणि तिचा चेहरा उतरला. "आठाचे आठच आहेत, बाबा, पण वायू एकतीस झाला. वीस हवा होता. श्वास घेऊन घेऊन थकल्या त्या, वायू बाहेर फेकणं होत नाही. नळी टाकून मशीनवर घ्यावं लागेल."

मी भडकलो. "काल धापा टाकून राह्यली होती त ठीक म्हने, आज निवांत झाली त बिघडली? उलटंच शास्तर हाय तुमचं!" सही करायला मी वेळ लावला. किती लावला, ते मंदा बोलत नाही... तिसऱ्या दिवशी सकाळी रुखमा गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं, मशीनवाल्यांनी घालवली. मंदाच्या मागे लागून दवाखान्याच्या कागदांची नक्कल आणवली. मी चौथी शिकलो, पण दीडकीचा पाढा मास्तरांनी छडीनं पाठ करून घेतलेला. ओसरीवर बसलो, मंदाला आकडे वाचायला लावले. आठ दीडकी बारा. बारा आणि आठ वीस. दोनदा केलं, तीनदा केलं. डॉक्टर पोरीचं एका आकड्यानंही चुकलं नव्हतं.

मग मंदानं पहिलं पान उलगडलं. "इन्सुलिन रोज नियमित. सांगणारा, नवरा." माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, हे त बरोबर हाय ना?" मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो. मडक्यामागे शेवटच्या रेघेनंतर तीन गोल होते. तिसरा थरथरत्या हाताचा, पुरा जुळलेलाही नव्हता. बाहेर येऊन मंदाला म्हटलं, "दिवाळीले त्या भिंतीले चुना नको लावजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं वर्ध्याला गेलो. डॉक्टर भेटेपर्यंत बाकावर बसून राहिलो. ती आली तेव्हा म्हटलं, "मॅडम, तुमचं बरोबर होतं. खोटं मी बोललो. तीन दिवस सुई देल्ली नोती."

ती खुर्ची ओढून समोर बसली. मी विचारलं, "तवाच सांगतलं असतं त वाचली असती का?"

"औषध तर त्या आल्या आल्या आम्ही तेच सुरू केलं होतं," ती म्हणाली. "पण कशानं झालं, ते शोधत राहिलो. घरी सुई चुकली नसती तर... मला नाही सांगता येत, बाबा." खोटा धीर दिला नाही तिनं.

मग कागद पुढे घेऊन तिनं विचारलं, "नक्की तीनच दिवस? आठवतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "माह्यावर इस्वास नका ठेवू. रुखमानं लिहून ठेवलं हाय."