मामानं जीप घसरवायला शिकवली

आमच्या घरात गाडी चालवायला शिकलेला मी पहिला आणि ती उलथवणाराही पहिलाच. अमडापूरहून चिखलीच्या बाजारात भाजी न्यायला बाबांनी लष्करी लिलावातली जुनी जीप घेतली होती. श्रावणात काळ्या चिखलावर तिचं मागचं अंग घसरलं, तेव्हा मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढत "हो, हो" असं ओरडत सुटलो. बैल असते तर थांबले असते. जीप नाल्यात कलंडली आणि शेजारी बसलेल्या आईचा हात मोडला.

हात जुळून आला, पण आई पुन्हा जीपमध्ये बसली नाही. डोक्यावर टोपली घेऊन मोटारस्टँडपर्यंत पायी जायची. मला ते बघवत नसे. उन्हाळ्यात बाबा जीप विकायला निघाले, तेव्हा मामा आला. तो फौजेत ड्रायव्हर होता.

"भाऊजी, दोन दिस थांबा. पोराले घसरू द्या."

"घसरला म्हणून तं इकून राह्यलो," बाबा म्हणाले. पण थांबले.

मामानं जीप जाणूनबुजून बिघडवली म्हणा ना. चांगले टायर पुढं घेतले, झिजून गोटा झालेले मागं लावले आणि त्यांत ठासून हवा भरली. पुढच्या चाकांचा गिअर सोडून ओढ फक्त मागच्यांवर ठेवली. स्टेपनी, मागच्या फळ्या उतरवून बूड हलकं केलं. मग विहिरीवरचं इंजिन लावून पडीत वावर जेमतेम बोटभर भिजवलं, म्हणजे वर निसरडं, खाली कडक. मधोमध एक टोपली पालथी घातली. असं नेटकं काम की बघत राहावं.

"हिच्या भवताल फिर. मांगचं जिकडं पळन तिकडंच चाक फिरव, ब्रेकले शिवू नोको. आन् हा कासरा नाही बे, ओढू नोको."

पहिला दिवस मी नुसता गरगरलो. मामा शेजारी बिडी ओढत बसलेला. एकदाही त्याचा हात स्टिअरिंगकडे आला नाही. एवढा धीर मी पुढं कुठल्याच मास्तरात पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी मागचं अंग सुटायला लागलं की मला बसल्या जागी कळू लागलं. हात आपोआप त्या बाजूला वळू लागले, पाय हलका राहू लागला आणि जीप टोपलीभोवती तिरकी, ऐटीत फिरू लागली. खोटं कशाला बोलू, मला माझंच कौतुक वाटलं.

आई बांधावर उभी राहून बघत होती. जीप थांबली तशी ती चिखल तुडवत आली. मामा उतरला आणि ती त्याच्या जागी बसली. मी जीप हळूच घराकडे वळवू लागलो.

"सरळ नोको," आई म्हणाली. मोडून जुळलेल्या हातानंच तिनं समोरची दांडी धरली. "घसरव."

मी घसरवली. आईनं डोळे मिटले नाहीत.