तमिळ अक्षरांतला मराठी करार

मंडळी, आज तंजावूरच्या कोर्टात माझा दावा साक्षी न घेताच फेटाळला.

बाबांनी वीणेचा कारखाना त्यांच्या मित्राला, म्हणजे काकांना, चालवायला दिला होता. करार आपण तंजावूरची मराठी माणसं इथे ग्रुपवर लिहितो तसाच, भाषा मराठी आणि अक्षरं तमिळ. ‘पोरगी काम शिकली की कारखाना परत.’ ती पोरगी मी. काम शिकले, पण काकांनी कारखाना सोडला नाही.

तमिळ दुभाषी म्हणाले, ही तमिळ नव्हे. मराठी दुभाष्याला अक्षरंच लागेनात. मी वाचते म्हटलं, तर चालत नाही म्हणे. वाचता न येणारा करार हा करारच नाही, असा निकाल.

तिथे तो कागद वाचू शकणारे आणखी फक्त काका होते. ते मान खाली घालून बसले.

बाहेर मात्र आपल्याच मराठीत म्हणाले, “जेवलीस का गे?”

मीही सवयीनं विचारलं, “तुम्ही?”

चुकलं का माझं?