साचे खात्यातली साक्ष

बाबांना बोलता येत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. घशाच्या कॅन्सरमुळे गेल्या वर्षी त्यांचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला छिद्र आहे, त्यातून ते श्वास घेतात आणि त्यावर पांढरा रुमाल बांधतात. बाकी तब्येत ठणठणीत. तर अशा माणसाने ठरवलं, की मुंबईला आपल्या जुन्या चर्चमध्ये जाऊन साक्ष द्यायची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत कुणीही उभं राहून देवाने आपलं तारण कसं केलं ते सांगतं. त्याला साक्ष म्हणतात. ती ज्याची त्याने, उभं राहून, तोंडाने द्यायची. बाबा गिरणीत होते तेव्हा दरवेळी म्हणायचे, पुढच्या वर्षी देतो. मग संप आला, गिरणी गेली, आम्ही नगरला आलो, आणि पुढचं वर्ष राहूनच गेलं.

मी म्हटलं, मी लिहून नेते, वाचून दाखवते. पानभर मजकूर केला: आजार, ऑपरेशन, डॉक्टरांच्या हाताला देवाने दिलेलं यश. आमच्या नगरच्या चर्चच्या पाळकांनाही आवडला. बाबांनी वाचला आणि पाटीवर लिहिलं, ‘हे नाही. आधीचं.’ आधीचं म्हणजे काय, विचारलं, तर हात हवेत फिरवले आणि झोपायला गेले.

शनिवारी पहाटे नगरहून कल्याणमार्गे जाणारी एसटी धरली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. हे बाबांना पसंत नाही. त्यांनी नोट पुढे केली.

“बाबा, तुमचं शून्याचं तिकीट,” कंडक्टर म्हणाला.

बाबांनी नोट आणखी पुढे केली.

“घ्या ना तिकीट. सरकार देतंय, तुम्ही काही केलंत म्हणून नाही देत.”

बाबांचा चेहरा पडला. ते साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणणारे. जेवढं कापड तेवढा पगार, हा हिशेब अंगात मुरलेला. आळेफाट्याला त्यांनी कंडक्टरला चहा पाजला तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. माळशेजला खिडकीची जागा घेऊ नका. आपल्याला धुकं छान वाटतं, गळ्याच्या छिद्राला वाटत नाही.

परळला उतरून टॅक्सीने चिंचपोकळीला गेलो, परबकाकांच्या चाळीत. परबकाका मूळचे मालवणचे आणि गिरणीत बाबांच्या शेजारच्या साच्यावर. दारातच म्हणाले, “याकोबा, बारीक झालंस मरे.” आणि पुढच्या क्षणी दोघे हातांनी बोलायला लागले.

साचे खात्यात इतका आवाज असायचा, की ओरडूनही ऐकू जात नसे. मग ओठ बघून आणि खुणांनी बोलणं चालायचं. बोटं उडवली की सूत तुटलं. चिमूट फिरवली की गाठ. मिशीला पीळ दिला की मुकादम आला. वर्षभर आम्ही घरात पाटी घेऊन बसलो होतो, आणि इथे बाबा घडाघडा बोलत होते. मला परबकाकांचा हेवा वाटला, सरळ सांगते.

काकूंनी बांगड्याचं तिखलं आणि बाबांसाठी मऊ भात केला होता. जेवून गिरणी बघायला गेलो. तिथे टॉवर आहे. चिमणी ठेवली आहे, बहुतेक शोभेला. “कापडात डाग दिसलो की मुकादम आधी शिव्या घाली, मगे पगार कापी,” परबकाका वॉचमनला सांगत होते. वॉचमनने आम्हाला फुटपाथवर उभं राहायला सांगितलं.

रविवारी माझगावच्या चर्चमध्ये परबकाकाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. पाळक म्हणाले, “कुणाला साक्ष द्यायची आहे का?” मी पान घेऊन उठले. बाबांनी ओढणी धरून मला खाली बसवलं, स्वतः पुढे गेले आणि परबकाकांना बोलावलं.

“मी हिंदू माणूस,” परबकाका पाळकांना म्हणाले. “माका साक्ष कशी जमतली?”

पाळकांनी विचार केला. “साक्ष त्यांची. तुम्ही फक्त ते काय म्हणतात तेवढं सांगा.”

बाबांनी बोटं उडवली.

“ह्यो सांगता, संपात सूत तुटला,” परबकाका म्हणाले. “मीच तोडलंय, म्हणता. खरा आसा. प्रार्थना सोडल्यान, हय येऊचा सोडल्यान. देवाचा नाव काढला तर अंगावर येय.”

हे मला ठाऊक नव्हतं.

साचे खात्याच्या भाषेत देवाला खूण नाही. गरज पडली नसावी. बाबांनी मिशीला पीळ दिला आणि बोट वर केलं. पुढच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

“मगे मुकादम इलो. वरचो. वराडलो नाय. पगार कापल्यान नाय. आपणच खाली वाकलो आणि गाठ मारल्यान.”

बाबांनी तळहाताच्या मधोमध बोट टेकवलं. ही खूण परबकाकांना कळेना. “हाताक लागला? कोणाच्या, तुझ्या?”

बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केलं. खिळ्याची जखम, हे चर्चमध्ये सगळ्यांना कळलं होतं. परबकाकांना जरा वेळ लागला.

“मुकादमाच्या,” ते म्हणाले.

मग बाबांनी दोन्ही हात पुढेमागे हलवले, म्हणजे साचा चालू, आणि जागेवर येऊन बसले. परबकाका तिथेच उभे होते. “असो मुकादम आमच्या मिलीत मी कधी बघूक नाय,” ते म्हणाले. हे भाषांतर नव्हतं, पण पाळकांनी त्यांना थांबवलं नाही. मी रडले. पान पर्समध्येच राहिलं.

परतीच्या एसटीत दुसरा कंडक्टर होता. त्याने शून्याचं तिकीट दिलं. बाबांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि खिशात हात घातला नाही. आळेफाट्याला चहासुद्धा पाजला नाही. त्याला बिचाऱ्याला कारण कळण्यासारखं नव्हतं.

ऑपरेशनपासून जेवणाआधीची प्रार्थना मीच म्हणत होते. आता बाबा करतात. मिशीला पीळ, बोट वर, मग खाली वाकणं, गाठ, तळहात. तोवर भात जरा निवतो. आम्ही आमेन म्हणतो आणि जेवायला लागतो.